ग्रामसभेत कुत्र्यांचा ठराव कसा मांडायचा

‘पिटबुल आणि रॉटवायलर गावात ठेवायला बंदी’ असा एका ओळीचा ठराव घ्यायला वेळ लागत नाही. हात वर होतात, सूचक-अनुमोदकांची नावं वहीत पडतात आणि सभा पुढच्या विषयाकडं वळते. त्या ठरावानं कुणाच्या दारातलं एकही कुत्रं हलत नाही. हललंच, तर मालक रातोरात ते दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येतो, आणि उपाशी, घाबरलेलं ताकदवान जनावर मोकळं होतं. म्हणून ठराव कसा असावा हे मी खाली सविस्तर लिहितोय. तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांत मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे, तरी आसपासच्या गावांतले सरपंच, सदस्य, तरुण पोरं याच विषयावर विचारायला येतात.

आपल्याकडं ही कुत्री आली कशी, ते आधी बघा. द्राक्षबागा, बेदाणा शेड, रानातली एकेकटी वस्ती. माल चोरीला जायची भीती असतेच. शिराळा, वाळवा भागात उसात बिबट्या. पूर्वी दारातलं गावठी कुत्रं पुरायचं. आता पोरं मोबाइलवर फोटो बघून पिल्लू आणतात. ते महिनाभराचं असतानाच आईपासून तोडलेलं असतं. शेडच्या खांबाला हातभर साखळीनं बांधतात, माणसांत मिसळू देत नाहीत, कारण ‘माणसाळलं तर राखण करणार नाही’ असा समज. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसं, पोरं, गाड्या, आवाज यांची ओळख व्हायचा. तो साखळीत गेला की पुढं अनोळखी माणूस दिसला तरी ते अंगावर जातं. त्यात जात कुठली आहे हा भाग आहे, पण या वाढवण्याचा भाग मला कितीतरी मोठा वाटतो.

ठरावाआधी कायद्याची स्थिती समजून घ्या, कारण सभेत कुणीतरी उठून म्हणणारच की ‘केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदी घातलीय’. घडलं ते असं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागानं राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, कांगल वगैरे जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं होतं हा मोठा आक्षेप होता. पुढं केंद्रानं लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. त्यामुळं त्या पत्राच्या जोरावर गावात कुणाला नोटीस काढायला जाऊ नका.

त्या यादीत नुसतं ‘टेरियर’ असाही शब्द होता. टेरियर म्हणजे डझनावारी जाती, त्यांत मांडीवर मावणारी यॉर्कशायर टेरियरसुद्धा आली. कांगल आणि अकबाश ही तुर्कस्तानात लांडग्यांपासून मेंढरं राखणारी कुत्री. आपल्या धनगरांच्या वाड्यावरची कुत्री करतात तेच काम. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन मात्र यादीत नव्हते, आणि आपल्या भागात राखणीला सर्वांत जास्त ठेवतात ते हेच दोन. यादीनं गावाचा प्रश्न सुटत नाही तो इथं.

बाहेरच्या देशांची उदाहरणं दोन्ही बाजूंनी दिली जातात. इंग्लंडनं १९९१च्या कायद्यानं चार प्रकारांवर बंदी घातली आणि २०२३च्या अखेरीस ‘एक्सएल बुली’ हा पाचवा प्रकार त्यात घातला. नेदरलँड्सनं पिटबुलवरची बंदी २००८मध्ये उठवली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरानं १९८९ची बंदी २०२०मध्ये मतदान घेऊन काढली. सभेत एवढं सांगा आणि पुढं जा. आपल्याला आपल्या गल्लीचं ठरवायचंय.

आता बंदी मागणाऱ्यांचं नीट ऐकून घ्या. हे मी मनापासून सांगतोय. ज्या बाईच्या पोराला कुत्र्यानं फरफटत नेलंय, तिला ‘सगळी कुत्री सारखीच’ असं सांगणं चुकीचं आहे आणि खोटंही. मोठा जबडा आणि जड अंग असलेलं कुत्रं चावलं तर जखम वेगळीच असते. काही जातींची पैदास माणसानं झुंजीसाठी केली, एकदा धरलं की सोडू नये म्हणून केली. हे मान्य करूनच बोला. ग्रामसभेआधी महिला सभा असते, त्या सभेत हा विषय आधी घ्या. अंगणवाडीला पोरं सोडणाऱ्या, भल्या पहाटे द्राक्षाच्या कामाला टोळीनं जाणाऱ्या बायकांना कुठल्या दारातलं कुत्रं अंगावर येतं ते नेमकं माहीत असतं. एका गावात मी असा बसलो होतो. बायकांनी दारं सांगितली, तिथली बहुतेक कुत्री गावठी आणि जर्मन शेफर्डची संकरित निघाली. एक मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, जातीचं आम्हाला काय करायचंय? त्यो साखळी तोडतोय, मालकाला सांगितलं तर हसतोय, त्येचं बोला.”

मी जातीवर ठराव घेऊ नका म्हणतो त्याचं मुख्य कारण ओळख पटवणं. तुम्ही ‘पिटबुल’ लिहाल. मालक म्हणेल, हा अमेरिकन बुली आहे. दुसरा म्हणेल, लॅब्राडोरचा क्रॉस आहे. कागद कुणाकडंच नसतात, आणि नुसतं डोकं-छाती बघून जात ठरवणं मलाही छातीठोकपणे जमणार नाही. अमेरिकेत २०००–२००९ या काळात कुत्र्याच्या हल्ल्यात गेलेल्या २५६ माणसांच्या घटना संशोधकांनी एकेक करून तपासल्या. कुत्र्याची जात खात्रीनं ठरवता आली ती पाचातल्या एका घटनेतही नाही. सारखं दिसलं ते वेगळंच: पाचातल्या चारांहून जास्त घटनांत आडवं पडायला धडधाकट माणूस जवळ नव्हता, तेवढ्याच घटनांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती, आणि तेवढ्याच घटनांत माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळं समजावता येणारा भाग सुमारे ९ टक्केच निघाला. जबड्याची ताकद त्यात मोजलेली नाही, म्हणून ‘जातीचा काहीच संबंध नाही’ असा अर्थ काढू नका. पण गावानं नियम कशावर बांधावा, ते यातून दिसतं.

तर कामाला असं लागा. आधी गावातल्या पाळीव कुत्र्यांची नोंद करा. दारोदार जाताना दोन तरुण, आशाताई किंवा अंगणवाडी सेविका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातलं कुणी एक, अशी माणसं घ्या. नोंदीत मालकाचं नाव, कुत्र्याचा रंग, नर-मादी, अंदाजे वय, नसबंदी आहे की नाही, रेबीजची शेवटची लस कधी, दिवसा कुठं बांधतात, रात्री मोकळं असतं का, आणि पूर्वी कुणाला चावलंय का, एवढं लिहा. जात लिहायची तर ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असा रकाना ठेवा. फोटो काढा. पुढं तंटा झाला की तो फोटोच उपयोगी पडतो. याच फेरीत लसीकरण उरकता आलं तर फार बरं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, महिन्यानं दुसरी, मग दरवर्षी.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघू दे आणि विषयपत्रिकेत हा विषय स्पष्ट लिहू दे. ‘आयत्या वेळचे विषय’ यात घुसवलात तर ज्याच्या दारात कुत्रं आहे तो पहिला आक्षेप घेईल. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. हजेरीच्या सह्या नीट घ्या.

ठरावाची भाषा मी साधारण अशी देतो:

“गावातील प्रत्येक पाळीव कुत्र्याची ग्रामपंचायतीकडे नोंद करण्यात यावी व दरवर्षी रेबीज लसीकरणाचा दाखला नोंदीस जोडण्यात यावा. रस्ता, शाळा, अंगणवाडी, मंदिर, पाणवठा या ठिकाणी कुत्रे पट्ट्यासह व ते आवरू शकेल अशा प्रौढ व्यक्तीसोबतच न्यावे. राखणीसाठी मोकळे सोडायचे कुत्रे उडी मारून किंवा उकरून बाहेर पडणार नाही अशा कुंपणाच्या आत ठेवावे व फाटकावर सूचना लावावी. ज्या कुत्र्याने विनाकारण माणसास चावा घेतला आहे किंवा वारंवार अंगावर धावून जाते, अशा कुत्र्याची पशुवैद्यकांकडून तपासणी करून त्यांच्या सल्ल्यानुसार नसबंदी, मुसके व बंदिस्त जागा यांची व्यवस्था मालकाने करावी. कुत्रे गाव सोडून अन्यत्र दिल्यास तशी नोंद करावी. वरील व्यवस्था न करणाऱ्या मालकाविरुद्ध उपलब्ध कायद्यांनुसार कार्यवाहीसाठी ग्रामपंचायतीने संबंधित अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.”

यात एकाही जातीचं नाव नाही, तरी साखळी तोडणारा पिटबुल त्यात सापडतो आणि दुधाच्या डेअरीपाशी पोरांच्या पोटऱ्या धरणारं गावठीही सापडतं. मुसकं सरसकट सगळ्या कुत्र्यांना लिहू नका. ज्यानं चावा घेतलाय त्यालाच, आणि तेही जाळीचं. कापडानं तोंड घट्ट आवळलेलं कुत्रं धापू शकत नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते तडफडून मरेल. मनानं दंडाची रक्कमही घालू नका. कायद्याचा आधार नसलेला दंड वसूल होत नाही आणि त्या एका वाक्यापायी अख्खा ठराव वादात सापडतो.

आधार आहे तो वेगळ्या ठिकाणी. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पोलीस ठाण्याचं काम. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. धोकादायक जनावर बंदिस्त करा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावा, असा आदेश या कलमाखाली जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा तसे अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतो. हे दोन्ही कायदे जात विचारत नाहीत. त्या विशिष्ट जनावराचं वागणं आणि त्या मालकाची हयगय, एवढंच बघतात. म्हणूनच नोंदवही, फोटो, आधीच्या तक्रारींच्या तारखा हे सगळं जमवायचं.

पिल्लं विकणाऱ्यांकडंही बघा. पैदास करून विकणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं २०१७चे नियम सांगतात. गावात कुणी शेडमध्ये माद्या ठेवून पिल्लं काढत असेल तर त्याला हे लेखी कळवा. ताकदवान कुत्री चुकीच्या हातात जाण्याचं मूळ तिथं आहे, आणि त्याबद्दल ग्रामसभेत कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

एक गोष्ट तरुण मंडळींना बजावून सांगा. चिडून कुत्र्याला विष घालणं, पाय तोडणं, पोत्यात घालून कालव्याला सोडणं हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावर मारल्यास किंवा जायबंदी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विषाचा तुकडा ठरलेलं कुत्रंच खाईल असंही नसतं; शेजारच्या वस्तीवरचं राखणीचं कुत्रं जातं आणि दोन घरांचं वैर सुरू होतं.

चावल्यावर काय करायचं ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि लसीचे ठरलेले सगळे डोस पुरे करायचे. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते ग्रामीण रुग्णालयात मिळतं की सांगलीच्या सिव्हिलला जावं लागतं, हे आजच विचारून फलकावर लिहून ठेवा. पाळीव आणि लस दिलेलं कुत्रं चावलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. कुत्रं मारून टाकायचं नाही, बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवायचं.

ठराव झाला की त्याच आठवड्यात त्याच्या प्रती काढा: तहसीलदार, पोलीस ठाणे, पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग आणि आरोग्य केंद्र. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. नोंदवहीची जबाबदारी एका माणसाच्या नावानं ठेवा, ‘समिती’वर सोडू नका. पुढच्या ग्रामसभेत पहिल्यांदा ती वही वाचू दे: किती कुत्र्यांची लस झाली, कुणाचं कुंपण अजून मोडकं आहे, कुणाला पत्र गेलं आणि त्याचं उत्तर आलं का.