दिवाळीत पिल्लू मागायला येणाऱ्यांशी काय बोलायचं

दिवाळी तोंडावर आली की आमच्या प्राण्यांच्या शेल्टरचा फोन दिवसभर वाजतो. मुलांना सुट्टी लागलेली असते, बोनस हातात असतो आणि "एखादं गोड पिल्लू असेल तर सांगा हं" म्हणणारे खूप असतात. पावसाळ्याच्या अखेरीला माजावर आलेल्या माद्यांना साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात. त्यामुळे थंडीच्या सुरुवातीला पिल्लांचीही गर्दी असते. नव्या स्वयंसेवकाला वाटतं, मागणी आहे, पिल्लं आहेत, मग देऊन टाकू या की.

मी पुण्यात हे काम करते आणि नव्या मुलामुलींना सगळ्यात आधी हेच सांगते: दिवाळीत घरं शोधा, भेटी घडवा, फॉर्म भरून घ्या, पण प्राणी घरी पाठवायचा तो तुळशीची लग्नं उरकल्यावर. फटाक्यांना घाबरून कुत्रा सुटला, तर ज्या घरात तो वर्षानुवर्षं राहिला ते घर तो शोधून काढण्याची शक्यता तरी असते. परवाच आलेल्या कुत्र्याला ना गल्ली माहीत, ना जिना, ना माणसांचे आवाज. तो परत येणार कुठे?

दुसरी अडचण सुट्टीची. सुट्टीत पिल्लू मुलांच्या मांडीवरून खाली उतरत नाही. शाळा उघडली की तेच पिल्लू सकाळपासून एकटं पडतं, रडतं, चपला कुरतडतं, शेजारचे तक्रार करतात आणि नाताळच्या आत फोन येतो, "आम्हाला जमत नाहीये." म्हणून मी थेट विचारते, "काकू, शाळा सुरू झाल्यावर मंगळवारी दुपारी दोन वाजता घरात कोण असेल?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "फरशीवरची शू कोण पुसणार?" बहुतेक वेळा सगळे एकाच माणसाकडे बघतात. त्या माणसाशी बोला. फॉर्मवर सही बाबांची असली, तरी खरा होकार त्या माणसाचाच लागतो.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. "सोसायटीत कुत्रा चालत नाही" असं कोणी म्हणालं तर समजावून सांगा: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मांजर देताना खिडक्या-गॅलरीला जाळी आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. नुसत्या फोटोवर विसंबू नका. आणि त्या घरात अलीकडे एखादं पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे अजिबात देऊ नका. तो विषाणू जमिनीत, कोपऱ्याकापऱ्यात महिनोन् महिने टिकून राहतो.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, फोटो. मोठ्या, काळ्या, देशी कुत्र्यांना कोणी विचारत नाही. त्यामागे एक कारण अगदी साधं आहे: फोटोत त्यांचे डोळेच दिसत नाहीत. आमच्याकडे एक काळी कुत्री होती, पिंजऱ्याच्या गजांमागे काढलेल्या फोटोत नुसती सावली वाटायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला बाहेर आणलं, गळ्यात पिवळी ओढणी बांधली, मी जमिनीवर पालथी झोपले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला. मग तिच्या भुवयांवरचे दोन तपकिरी ठिपके दिसले. सोबत पट्ट्यावर शांतपणे चालतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. त्याखाली "बिचारी", "कोणी नाही हिला" असलं काही लिहिलं नाही. "लिफ्टमध्ये घाबरत नाही, लहान मुलांसोबत बसते, मांजरीमागे मात्र धावते" एवढंच लिहिलं. खरं ते लिहा. मांजरीची गोष्ट लपवली असती तर ती मांजर असलेल्या घरात गेली असती आणि परतही आली असती.

ज्यांना कायमचं जमणार नाही पण मनापासून काही करायचंय, त्यांना दिवाळीपुरतं फॉस्टरिंग, म्हणजे प्राणी तात्पुरता घरी सांभाळणं, सुचवा. शेल्टरच्या आसपास फटाके वाजत असतील, तर म्हातारे आणि आजारी प्राणी शांत ठिकाणच्या घरांत हलवणं ही फार मोठी मदत आहे. फॉस्टरला या सूचना द्या: फिरवणं अंधार पडायच्या आत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या-पडदे बंद, टीव्ही किंवा पंखा चालू, पलंगाखाली लपलेल्या प्राण्याला ओढून बाहेर काढायचं नाही, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर चोवीस तास. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

प्राणी घरी गेला की फॉलो-अप सुरू होतो. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा ठोकताळा कुटुंबाला आधीच सांगून ठेवा: पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांनी घर आपलं वाटू लागतं. फोनवर "कसा आहे?" विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: जेवला का, शी घट्ट आहे का, झोपतो कुठे, पुढच्या लशीची तारीख कोणती. पिल्लू असेल तर नसबंदीची तारीखही तेव्हाच वहीत लिहून घ्या.