पाकिटाची मागची बाजू आधी वाचा

पावसाळ्यात ताप आला की ठाण्यात घरोघरी साधारण हेच चालतं. मेडिकलमधून डोलो ६५० येते, अंगदुखीला कॉम्बिफ्लाम डब्यात असतेच, नाक गळायला लागलं की सर्दीची गोळी. नावं वेगळी, रंग वेगळे, पण पॅरासिटामॉल तिन्हींत: पहिलीत ६५० एमजी, दुसरीत ३२५, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ५००. प्रत्येक गोळी दिवसातून तीनदा घेतली तर बेरीज ४,४२५ होते. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४,००० एमजी आहे. वजन कमी असेल, रोज दारू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहून कमी. जास्त झालेलं पॅरासिटामॉल पहिल्या दिवशी फारसं जाणवतच नाही, लिव्हर बिघडल्याचं दोन-तीन दिवसांनी कळतं. म्हणून चुकून जास्त गेलं असेल तर बरं वाटत असलं तरी रिकामी पाकिटं घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

शिवाय कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनही असतं. डेंग्यू नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन तापासाठी घ्यायची नाहीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर मात्र स्वतःच बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पाकीट उलटं करा. ‘ईच टॅबलेट कंटेन्स’ अशा बारीक ओळीखाली औषधाचं मूळ नाव आणि एमजी छापलेले असतात. ते नाव मार्करने पाकिटावर ठळक लिहून ठेवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या पालिकेच्या ठिकाणी मिळालेल्या गोळीवर बहुधा मूळ नावच असतं, तर खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीत बहुतेकदा कंपनीचं. आजोबा मग सकाळी इथली बीपीची ॲम्लोडिपिन घेतात आणि रात्री तिथली, दुसऱ्या नावाची ॲम्लोडिपिन. बीपी उतरतं, पाय सुजतात, आणि सुजेसाठी तिसरी गोळी सुरू होते! कोणत्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या. यादीपेक्षा पिशवी बरी, यादीत हमखास काहीतरी राहतं. आयुर्वेदिक चूर्णं आणि भस्मंही त्याच पिशवीत.

सुट्ट्या गोळ्या घेताना नाव, बॅच आणि एक्स्पायरी दुसऱ्याच तुकड्यावर जातात. अख्ख्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काउंटरवरच काढून घ्या. एक्स्पायरी ०६/२०२७ असेल तर औषध जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. उभी लाल पट्टी म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध.

नावाच्या शेपटाकडेही बघा. एसआर, ईआर, एक्सआर, सीआर या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. गिळता येत नाही म्हणून कुटून दिल्या, की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डीटी मात्र पाण्यात विरघळवूनच द्यायची. चिठ्ठीतल्या ओडीचा अर्थ दिवसातून एकदा, एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ एमजी लागतं, म्हणजे १० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १५०. ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० एमजी असतात, म्हणून १.५ मिली. ५ मिलीत २५० वाल्या सिरपचे ३ मिली, १२० वाल्याचे सहा. सिरपच्या हिशेबाने ड्रॉप्सचे ६ मिली पाजले तर ६०० एमजी जातात, चौपट! बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचायचा, बाटलीसोबतच्या मापानेच मोजायचं, दोन डोसांत सहा तास ठेवायचे. घरातल्या चमच्यांत ३ मिलीचाही असतो आणि ७ चाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही न देता डॉक्टरकडे न्यायचं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या आधी किमान अर्धा तास. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात आणि डॉक्टरांनी लेप्टोसाठी, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापासाठी, डॉक्सिसायक्लिन दिली, तर ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ नका. घोटभर पाण्यावर गिळलेली ही गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दूध, अँटासिड आणि लोह तिच्या आगेमागे दोन तास नको.

गोळ्यांचा डबा गॅसजवळ, फ्रिजच्या माथ्यावर किंवा बाथरूममध्ये नको. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. दारात तापमान खालीवर होतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन बहुधा चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या खाली. मे महिन्यात ठाण्यातल्या वरच्या मजल्यावर तेवढं तापमान कुठून आणणार? तेही फ्रिजमध्ये ठेवा, फक्त सुई काढून.

एखादा डोस चुकला आणि पुढचा जवळ आला असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नकोत. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट रोज नसते, आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. औषधाने अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. धाप लागली तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.