बर्फात थांबणारा टायर: फोर बाय फोरसाठी हिवाळी टायर कसे निवडावेत

टायरवाल्याकडे जाण्याआधी एक काम करा. मागच्या हिवाळ्यात गाडी कुठे कुठे गेली आणि चाकांखाली नेमकं काय होतं, ते आठवून कागदावर मांडा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हिशेब असा निघाला: बर्फाचे दिवस ६१, त्यातले रस्ता सोडून गुडघाभर हिमात शिरायचे दिवस ४. उरलेले ५७ दिवस गाडी रस्त्यावरच होती. कधी चाकांखाली दबून घट्ट झालेला थर, कधी काचेसारखं गोठलेलं पाणी, आणि बरेचदा नुसतं थंडगार ओलं डांबर. टायर मात्र मी त्या ४ दिवसांसाठी घेतले होते.

आपण या सगळ्याला सरसकट बर्फच म्हणतो. टायरच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भुसभुशीत हिमात मोठ्या खाचांचे ठोकळे फावड्यासारखे चालतात. दबलेल्या हिमावर खेळ वेगळाच असतो: तिथे नक्षीत थोडं हिम अडकून राहिलेलं हवं असतं, कारण हिम हिमालाच सगळ्यात चांगलं धरतं. म्हणून चिखलाच्या टायरची जी फुशारकी सांगतात, की तो खाचा आपोआप साफ करतो, ती इथे फारशी कामाची नाही. आणि गोठलेल्या पाण्यावर ठोकळ्यांच्या आकाराला काडीचं महत्त्व उरत नाही. तिथे मऊ रबर लागतं, आणि ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा लागतात. त्या चिरांची प्रत्येक कड थोडी थोडी चावते. पाणी गोठण्याच्या आसपास, म्हणजे शून्य अंशाच्या आगेमागे, बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तोच सगळ्यात घातक. उणे वीसला त्याच बर्फावर गाडी बऱ्यापैकी धरते. थंडी वाढली की धोका वाढतो असं वाटतं, पण दुपारी वितळून संध्याकाळी गोठणारा रस्ता कडाक्याच्या थंडीतल्या रस्त्यापेक्षा वाईट.

अशाच एका संध्याकाळी मी घाट उतरत होते. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर, अंगठ्याएवढ्या खोल खाचा, दिसायला रणगाडा. चढताना गाडीने एकदाही कुरकुर केली नव्हती, त्यामुळे उतारावरही मी निर्धास्त होते. लो रेंज (गाडी सावकाश, जोर लावून चालवणारे गिअर), दुसरा गिअर, ताशी पंधराएक किलोमीटर. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला, पेडल पायाखाली धडधडलं, आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. शेजारी बसलेला भाऊ ओरडला, "अगं, ब्रेक!" ब्रेक दाबलेलाच होता. पंचवीसेक मीटर आम्ही तसेच, अगदी संथपणे, घसरत गेलो आणि रस्त्याकडेला साचलेल्या हिमाच्या ढिगात गाडीचं नाक रुतलं. कुणाला काही झालं नाही. खाली उतरून बॅटरीच्या उजेडात टायर पाहिला: ठोकळे गुळगुळीत, चकाकणारे, नखाने दाबले तर प्लास्टिकसारखे टणक. एका ठोकळ्यावर मोजून दोन चिरा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना मिळणारी इंजिनची ताकद, गाडीला पुढे ढकलते, थांबवत नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात, आणि आपली गाडी उलट जड असते. माझी सव्वादोन टनांची आहे. म्हणून टायर निवडताना "यात गाडी अडकेल का" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "यात गाडी थांबेल का".

सुरुवात रबरापासून करा, नक्षीपासून नाही. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठरायला लागतं. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि इतर घटक अशा बेताने घातलेले असतात की कडाक्यातही ते मऊ राहावं. ही कल्पना जुनी आहे: फिनलंडच्या ज्या कारखान्याचे टायर पुढे नोकियन नावाने ओळखले जाऊ लागले, त्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलीट्टा. जपानमध्ये ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये ब्लिझाक आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा शोषून घेतात. रबरात रोवलेल्या धातूच्या खिळ्यांशिवाय बर्फावर टिकाव धरायचा तो मार्ग ठरला.

आता टायरच्या बाजूवरची अक्षरं. इथेच माझी फसगत झाली होती. विकणाऱ्याने "एम+एस" ही अक्षरं दाखवली आणि म्हणाला, झालं, हा बर्फाचाच टायर. एम म्हणजे चिखल, एस म्हणजे हिम, हे खरं. पण ती अक्षरं उठवायला कसलीही चाचणी लागत नाही, नक्षीची ठेवण पाहून कंपनी स्वतःच ती छापते. मड टेरेनवरही ती सर्रास असतात. तुम्हाला शोधायचं आहे ते चित्र: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. हे चिन्ह मिळवायला टायरला दबलेल्या हिमावर परीक्षा द्यावी लागते. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत ठरवून दिलेल्या तुलनेच्या टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर हे चिन्हच ग्राह्य धरतात, नुसतं एम+एस चालत नाही.

तरी या चिन्हावरही डोळे मिटून विसंबू नका. परीक्षा हिमावरची आहे, गोठलेल्या पाण्यावरची नाही. युरोपात मे २०२१ पासूनच्या टायर लेबलवर बर्फाच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलं आहे. तुमच्या वाटेवर गोठलेलं पाणी जास्त असेल तर ते पाहा.

मग प्रकार कोणता? मड टेरेन हिवाळ्यातून बाद. साधा ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचा टायर, मऊ दिसला तरी डोंगराचं चिन्ह नसेल तर त्याला तिन्ही ऋतूंचा टायर समजा, चौथ्याचा नव्हे. चिन्ह असलेले ऑल टेरेन हा मधला मार्ग आहे. बीएफगुडरिचच्या केओ२ वर, बहुतेक मापांत, हे चिन्ह आहे. मात्र एकाच मॉडेलच्या सगळ्या मापांवर चिन्ह असेलच असं नाही, तेव्हा पत्रकावर विश्वास न ठेवता समोरच्या टायरवर बोट ठेवून बघा. ज्यांची गाडी हिवाळाभर खडी, चिखल आणि अधूनमधून हिम अशा वाटांवर असते, त्यांना हा ठीक. पण ज्यांच्या कागदावर माझ्यासारखे ५७ दिवस रस्त्याचे निघतात, त्यांनी सरळ एसयूव्हीसाठी बनवलेला निव्वळ हिवाळी टायर घ्यावा. तो दिसायला साधा असतो, खाचा उथळ, ठोकळे चिरांनी भरलेले, आणि बोटाने दाबला की ठोकळा किंचित लवतो. रुबाबदार दिसत नाही म्हणून माझ्या ओळखीतले कितीतरी जण तो टाळतात. मला त्यांची काळजी वाटते.

मापाच्या बाबतीत मोह आवरा. हिवाळ्यात रुंद टायर बहुतेकदा तोट्याचा. अरुंद टायरचं वजन कमी जागेवर पडतं, तो वरचा लगदा कापून खालच्या टणक थरापर्यंत जातो. माझ्या गाडीला मुळात २६५/६५ आर १७ माप आहे (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). हिवाळ्यात मी २४५/७० आर १७ लावते. रुंदी २० मिलिमीटरने कमी झाली, पण हिशेब केलात तर बाहेरचा व्यास ७७६ वरून ७७५ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटरलाही पत्ता लागत नाही. सोळा इंची रिमवर २४५/७५ घेतला तरी व्यास ७७४ भरतो आणि टायरची बाजू उंच मिळते, फक्त ब्रेकचा कॅलिपर त्या रिममध्ये मावतो का हे आधी बसवून पाहा. गाडीच्या पुस्तकात ते माप मंजूर आहे ना, हेही बघा. उलटं उदाहरण आइसलंडचं. तिथे हिमनद्यांवर ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर लावून, हवा पाच पीएसआयच्याही (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) खाली उतरवून, गाड्या हिमावर तरंगत जातात. तिथे खाली टणक थर मुळात नाहीच. तुमची वाट तशी नसेल तर तो आदर्श तुमचा नव्हे.

भारांक, म्हणजे टायर किती ओझं पेलतो ते सांगणारा आकडा, कमी करू नका. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १०८ म्हणजे १०००. गाडीच्या पुस्तकात असेल तेवढा किंवा त्याहून जास्त. वेगाचं अक्षर हिवाळी टायरवर कमी असू शकतं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, बर्फात ते पुष्कळ झालं. एलटी (हलक्या ट्रकसाठीच्या) शिक्क्याचे जाड, बहुपदरी टायर भरपूर ओझं वाहणाऱ्यांसाठी. रिकाम्या गाडीखाली ते थंडीत ताठ राहतात आणि लवत नाहीत, त्यामुळे गरज नसेल तर टाळा.

खिळ्यांचा टायर गोठलेल्या ओल्या बर्फावर खरोखर वाचवतो. पण तो डांबर उखडतो, आणि बर्फ नसलेल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतो. उडालेल्या धुळीपायी जपानने १९९० मध्ये कायदा करून त्याला आवर घातला, जर्मनीत तो १९७५ पासूनच बंद आहे. तुम्ही जिथे चालवता तिथे परवानगी आहे का, आणि कुठल्या तारखांना, हे विचारूनच घ्या. परवानगी असेल आणि रोजची वाट सावलीतल्या गोठलेल्या घाटाची असेल, तर मी खिळ्यांच्याच बाजूने आहे.

घ्यायचे ते चार, एकसारखे. पुढे दोन नवे आणि मागे जुने लावले की उतारावर मागची बाजू सुटते. शिवाय फोर बाय फोरमध्ये चाकांचा घेर वेगवेगळा झाला तर डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांवर, ताण येतो. याच कारणाने स्टेपनीसुद्धा त्याच घेराची हवी. बजेट जमलं तर पाचवा टायर घ्याच. नसेल जमत तर निदान घेर जुळवा.

दुकानात टायर हातात घेतल्यावर त्याच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. वापरलेला टायर घेत असाल तर अंगठ्याचं नख ठोकळ्यात रुतवून बघा, आणि हे गरम वर्कशॉपमध्ये नाही, टायर तासभर बाहेर थंडीत ठेवून. खाच ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर सोडून द्या. कायद्याची किमान मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६ मिलिमीटर असली तरी हिमात तेवढ्यावर काही राहत नाही. बऱ्याच हिवाळी टायरमध्ये खाचेच्या तळाशी हिमकणाची खूण असलेली एक उंच पट्टी असते. ठोकळा झिजून तिच्या पातळीला आला की टायर अजून गोटा झालेला दिसत नाही, पण त्याचा हिवाळा संपलेला असतो.

बसवून घेताना बाणाकडे लक्ष ठेवा. हिवाळी नक्षी बरेचदा एकाच दिशेची असते. माझा एक टायर उलटा बसवून दिला होता, मी घरी येऊन बॅटरी मारून पाहिलं म्हणून कळलं. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की दोनेक पीएसआय आपोआप कमी होतात, तेव्हा उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेर गोठलेल्या अंगणात कमी पडते. त्या ४ खोल हिमाच्या दिवसांत मी हवा १८ पर्यंत उतरवते, आणि रस्त्याला लागायच्या आधी पंपाने परत पूर्ण भरते. पंप गाडीत नसेल तर हवा उतरवू नका.

नवे टायर पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवा. कारखान्यातल्या साच्याचा चिकट थर त्यावर असतो आणि खिळे असतील तर ते आपापल्या जागी बसायला वेळ घेतात. पहिला बर्फ पडला की रिकामं, सपाट मैदान गाठा. ताशी २० वर ब्रेक पूर्ण दाबा, गाडी किती अंतरात थांबते ते पावलांनी मोजा. मग ३० वर तेच करा. माझी पावलं २० ला आठ होती आणि ३० ला अठरा. तेवढा फरक आहे.