संसदेतील विधेयक कसे वाचावे: सीमाभागातील वाचकांसाठी

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ७ मध्ये नव्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) कोणकोणता प्रदेश जाणार हे सांगितले आहे आणि तेथे बेळगाव जिल्ह्याचा उल्लेख ‘चंदगड तालुका वगळून’ असा आहे. एवढ्या शब्दांनी १ नोव्हेंबर १९५६ पासून चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि त्याला लागून असलेले खानापूर म्हैसूरमध्ये गेले. कायद्याचा मूळ मजकूर उघडून वाचण्याची सवय आपल्या भागात तरी घरोघरी असावी, असे मला मनापासून वाटते.

कायद्याची बातमी कानावर आली की तो संसदेचा आहे की कर्नाटक विधिमंडळाचा, हे आधी पाहावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. रेल्वे, टपाल, संरक्षण हे विषय संघ सूचीत, तर जमीन, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्य सूचीत आहेत. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे संसद आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे. तेथे दोन्ही कायद्यांत विरोध आला, तर सर्वसाधारणपणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्याची राजभाषा ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३४५ ने राज्य विधिमंडळाला दिला आहे. त्यामुळे सरकारी कागदपत्रे मराठीतून मिळावीत ही मागणी प्रथम आमदारांमार्फत विधिमंडळात जायला हवी. मात्र राज्यातील पुरेशा मोठ्या लोकसंख्येची तशी इच्छा असल्याची खात्री पटल्यास, एखाद्या भाषेला राज्यभर किंवा राज्याच्या एखाद्या भागात शासकीय मान्यता देण्याचा निर्देश राष्ट्रपती अनुच्छेद ३४७ खाली देऊ शकतात, हेही टिपून ठेवावे.

विधेयक संसदेचेच असेल, तर त्याचा मसुदा संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. शेवटी जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन आधी वाचावे, पण तेथेच थांबू नये, कारण बंधनकारक ठरतो तो खंडांतील, म्हणजे विधेयकातील क्रमांकित तरतुदींतील मजकूर. जुन्या कायद्यात दुरुस्ती असेल, तर मूळ कायदा शेजारी ठेवल्याशिवाय काहीच उलगडत नाही.

विधेयक मांडले गेले म्हणजे कायदा झाला, असे नव्हे. मांडणीनंतर सर्वसाधारण चर्चा होते, गरज वाटल्यास ते समितीकडे जाते, मग एकेका खंडावर व त्यावरील दुरुस्त्यांवर मतदान होऊन अखेरीस संपूर्ण विधेयक मताला टाकले जाते आणि दुसऱ्या सभागृहात हाच क्रम पुन्हा होतो. दोन्ही सभागृहांचे जमले नाही, तर संयुक्त बैठक घेता येते. तशी वेळ १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये आली. धन विधेयकावर (केवळ कर, सरकारी खर्च अशा विषयांच्या विधेयकावर) राज्यसभा १४ दिवसांत केवळ शिफारशी करू शकते. राष्ट्रपती सामान्य विधेयक एकदा परत पाठवू शकतात, पण संसदेने ते पुन्हा संमत केल्यास अनुमती द्यावीच लागते. राजपत्रात प्रसिद्धी झाल्यावरही कलम १ पाहावे: केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून कायदा लागू होईल, असे तेथे लिहिले असेल, तर अधिसूचना निघेपर्यंत तो अमलात आलेला नसतो.

यानंतरचा प्रश्न मर्यादेचा. मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा अनुच्छेद १३ नुसार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत (सभागृहाच्या एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश) लागते आणि काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांची संमतीही लागते. तरीही घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवले. बेंगळूरच्या मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात १९८० मध्ये ते तत्त्व आणखी पक्के झाले आणि त्याच आधारावर २०१५ मध्ये न्यायाधीश नियुक्ती आयोगाची ९९ वी घटनादुरुस्ती रद्द झाली.

राज्यांच्या सीमांच्या बाबतीत मात्र संसदेचा हात बराच मोकळा आहे आणि आपल्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अनुच्छेद ३ खालचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडले जाते, संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत ठरावीक मुदतीत मागवले जाते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. साधे बहुमत पुरते, कारण अनुच्छेद ४ अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानत नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा अनुच्छेद १३१ खालचा, म्हणजे न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रातला (थेट तेथेच दाखल होणारा) आहे; तो मार्ग वेगळा आणि संसदेचा मार्ग वेगळा, ही गल्लत करू नये.

विधेयकात बदल हवा असेल, तर ते समितीकडे असतानाच निवेदन द्यावे आणि खासदारांनाही लिहावे. खासदार कोण, हे मतदारसंघ पाहून ठरवावे: खानापूर तालुका बेळगावच्या नव्हे, तर उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतो आणि निपाणी चिक्कोडीत. पत्रात खंडाचा क्रमांक, सध्याचे शब्द, त्याऐवजी हवे असलेले शब्द आणि कारण, एवढे एका पानात असावे. कारण सभागृहात मतदान होते ते अशाच नेमक्या शब्दांत मांडलेल्या दुरुस्तीवर.