मोटारसायकलची टाकी गळतेय? वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी कॉक बघा

सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, इंजिनावर ओला डाग दिसतो, आणि आपण टाकीला भोक पडलं असं धरून चालतो. बाबांची यामाहा आरएक्स १०० गळू लागली तेव्हा मीही टाकी उतरवून थेट वेल्डिंगवाल्याकडे नेली होती. त्याने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. म्हणाला, "टाकी ठणठणीत आहे, कॉकचं पॅकिंग गेलंय." कॉक म्हणजे टाकीखालची, पेट्रोल चालू-बंद करायची तोटी. तेव्हापासून मी आधी गळती शोधतो, मगच पाना हातात घेतो.

हे सगळं कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या, गाड्यांबद्दल आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतं, पंप टाकीतच असतो आणि हा कॉक नसतो.

कॉक आत कसा असतो

कॉकवर टाकीच्या आत एक उंच नळी उभी असते आणि तळालगत दुसरं तोंड असतं. खटका 'ऑन'ला असला की पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी नळीच्या खाली गेली की गाडी गचके देते. मग 'रिझर्व्ह'ला फिरवलं की तळाचं तोंड उघडतं. म्हणजे रिझर्व्हची वेगळी टाकी नसते, तळाचं उरलेलं पेट्रोल तेवढं असतं. म्हणूनच कायम रिझर्व्हवर गाडी चालवणारा माणूस कुठल्याही सूचनेविना रस्त्यात अडकतो. खटक्यामागे भोकं असलेली एक रबरी चकती असते. कुठलं तोंड उघडं आणि कुठलं बंद, ते तिच्यावर ठरतं. ती कडक झाली की खटक्यातून थेंब येतात किंवा 'ऑफ' करूनही पेट्रोल थांबत नाही.

काही गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो. इंजिनाने ओढ दिली तरच त्यातला पडदा उघडतो. त्याच्या बारीक व्हॅक्यूम पाइपमध्ये पेट्रोल सापडलं तर पडदा फाटला आहे असं समजा.

गळती नेमकी कुठे?

टाकीचा तळ, कॉक आणि पाइप पुसून कोरडे करा आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा मिनिटांत पावडरीवर ओली रेघ उमटते. पेट्रोल ओघळून खाली येतं, त्यामुळे थेंब कॉकच्या टोकाला लोंबत असला तरी रेघ वर टाकीच्या शिवणीपर्यंत, म्हणजे पत्र्याच्या जोडापर्यंत, गेलेली असू शकते. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधा, गळतीचं मूळ तिथेच असतं.

मग कॉक 'ऑफ' करा, पाइप काढा आणि खाली बाटली धरा. थेंब पडत राहिले तर कॉक आतून गेला आहे. थेंब थांबले आणि ओली रेघही नसेल, पण पाइप जोडून कॉक 'ऑन' केल्यावर गाडीखाली पेट्रोल सांडत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल, म्हणजे आत पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई, तपासा. ती खराब असेल आणि कॉक रात्रभर उघडा राहिला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

कॉक बदलताना

उघड्या जागी बसा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे चार हात दूर असलेला देवघरातला दिवासुद्धा धोक्याचा. टाकी पूर्ण रिकामी करा. कॉक कुठे दोन बोल्टवर असतो, कुठे एका मोठ्या नटावर. बोल्टखालचे फायबर वॉशर जपून ठेवा. बोल्टची भोकं काही टाक्यांत आरपार असतात आणि वॉशर हरवला की आट्यांमधून गळती सुरू होते. गाळणीची जाळी धुवा आणि ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) नवीच घाला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात साधं रबर फुगतं. पेट्रोलसाठीचीच ओ-रिंग मागून घ्या. वर सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीत अडकतात.

टाकीलाच भोक असेल तर

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाला साचतं, म्हणून टाकी बहुधा खालूनच गंजते. वाटेत अडकलात तर कपडे धुण्याच्या कोरड्या साबणाची वडी भोकावर दाबून घासा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, घरी पोहोचण्यापुरतं निभावतं. एपॉक्सी पुट्टीही तात्पुरतीच. पक्कं काम म्हणजे ब्रेझिंग, म्हणजे तापवून वितळलेल्या पितळेने भोक भरणं.

त्याआधी गंज काढा. कॉकची जागा बुच मारून बंद करा, लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घातलेलं कोमट पाणी भरा आणि दिवसभर ठेवा. भोकातून ते थेंबथेंब गळेल, खाली घमेलं ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा.

रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक, कारण आत वाफ उरते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. म्हणून ब्रेझिंग घरी करू नका. टाकी दुरुस्त करणाऱ्या सरावलेल्या कारागिराकडेच द्या. भोक वर येईल अशी टाकी ठेवून, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, वाफेची जागा कमीत कमी ठेवून तो काम करतो का, हे आधी विचारा. नसेल तर टाकी घेऊन परत या.

काम झाल्यावर टाकी त्याच दिवशी उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर रात्रीतून पुन्हा तांबूस थर चढतो. मग दोन लिटर पेट्रोल घाला, कॉक 'ऑफ' ठेवा आणि खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागद कोरडा असेल तर 'ऑन' करून पुन्हा तासभर थांबा, कारण पाइपची आणि कार्बोरेटरची गळती तेव्हाच दिसते.