ओळखपत्र घरात आहे, पण नाव यादीत आहे का? विधानसभेसाठी मतदार नोंदणी आणि मतदान कसं करावं

मतदानाच्या सकाळी केंद्राबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी मतदार ओळखपत्र हातात धरून उभं असतं, "कार्ड आहे की माझ्याकडे!" असं पुन्हा पुन्हा सांगत असतं, आणि टेबलापलीकडचा माणूस यादीची पानं उलटून मान हलवत असतो. माझ्या आईच्या वाट्याला हे आलं. आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती, आम्ही दोन स्टेशनं पलीकडे भाड्याने राहत होतो. दरम्यान जुन्या पत्त्यावर कधीतरी पाहणी झाली. तिथे तेव्हा पत्र्याचं कुंपण होतं, माणूस कुणीच नव्हता. नाव वगळलं गेलं आणि आम्हाला ते कळलं थेट मतदानाच्या दिवशी. तीस वर्षं एकही निवडणूक न चुकवलेली बाई त्या दिवशी शाई न लावता घरी आली. तेव्हापासून नातेवाइकांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मी एकच गोष्ट सांगत फिरतो: मताचा अधिकार यादीतल्या नावाला आहे, कार्डाला नाही. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तरी मत देता येतं. कार्ड आहे पण नाव नाही, तर केंद्रावर कुणीच काही करू शकत नाही.

म्हणून खाली नोंदणीबद्दलच जास्त लिहिलं आहे. मतदान त्यामानाने सोपं.

पहिलं काम: नाव शोधा

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन) किंवा आयोगाच्या अधिकृत अ‍ॅपवर नाव शोधता येतं. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे कार्डावरचा क्रमांक टाकून शोधणं. हा क्रमांक तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा असतो. कार्ड सापडत नसेल तर नाव, वय, जिल्हा आणि मतदारसंघ टाकून पाहा, पण मग आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघावी लागतात. इंटरनेट नको असेल तर 1950 या क्रमांकावर फोन करा, किंवा आपल्या भागातल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला गाठा. हे बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा पालिकेचे कर्मचारी असतात.

नाव सापडलं की तीन गोष्टी टिपून ठेवा: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं तपासा. एकाच कुटुंबातली चार नावं दोन वेगळ्या भागांत गेलेली मी पाहिली आहेत.

दुसरं काम: आपल्याला कोणता अर्ज लागतो ते ठरवा

पहिल्यांदा नाव घालायचं असेल तर नमुना 6. घर बदललं, नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे, कार्ड हरवलं किंवा दिव्यांग म्हणून नोंद हवी आहे, तर नमुना 8. या सगळ्याला 2022 पासून हा एकच अर्ज चालतो. घरातली व्यक्ती वारली असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या नोंदीवर हरकत असेल तर नमुना 7. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व न सोडलेल्यांसाठी 6-अ. यातल्या एकाही अर्जाला शुल्क नाही.

इथे होणारी एक चूक फार महागात पडते. पुण्यात नोकरीला आलेला मुलगा गावचं नाव तसंच ठेवून पुण्यात नमुना 6 भरतो. कोकणातल्या चाकरमान्यांच्या कित्येक घरांत असंच आहे, गावी एक नाव आणि मुंबईत दुसरं. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकतं. नमुना 6 मध्ये "माझं नाव अन्यत्र नाही" असं प्रतिज्ञापन आपण सहीनिशी देतो, आणि ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी नाव असेल तर स्थलांतरासाठी नमुना 8 भरा. जुनी नोंद हलते, कार्डाचा क्रमांक तोच राहतो. गावच्या यादीत राहायचं की शहराच्या, हे जिथे आपण खरोखर राहतो त्यावर ठरतं. माझं मत विचाराल तर, ज्या नळाला पाणी येत नाही म्हणून आपण रोज वैतागतो, त्या नळाच्या मतदारसंघात नाव असावं.

नमुना 6 भरताना

अट साधी आहे: भारतीय नागरिकत्व, 18 वर्षं पूर्ण, आणि त्या मतदारसंघात नेहमीचं वास्तव्य. पूर्वी वयासाठी फक्त 1 जानेवारी ही तारीख धरली जायची, त्यामुळे 2 जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. 15 फेब्रुवारीला अठरावं वर्ष पूर्ण करणारी मुलगी 1 एप्रिलच्या तारखेला पात्र ठरते. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत हे राहून जातं, म्हणून आईवडिलांनीच तारीख लक्षात ठेवलेली बरी.

जवळ ठेवायच्या वस्तू अशा: पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो, जन्मतारखेसाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांपैकी एक, पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार, खरेदीखत किंवा जमिनीची महसुली कागदपत्रं. बिल वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं. घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड क्रमांक अर्जात दिला तर आपलं नाव त्यांच्याच भागात बसायला मदत होते.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता, यांतला कोणताही एक निवडता येतो. आणि ज्यांना घरच नाही, जे पुलाखाली किंवा फुटपाथवर राहतात, त्यांचाही हक्क तेवढाच आहे. त्यांना पत्त्याचा पुरावा लागत नाही. ते खरोखर तिथे झोपतात का हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं असतं. अशा कुणाला आपण ओळखत असू तर हे त्यांना सांगा, कारण कागद नाहीत म्हणून ते अर्जच करत नाहीत.

ऑनलाइन भरताना मराठी नावाच्या रकान्यावर नजर ठेवा. इंग्रजीत टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं, आणि तिथे "काळे"चं "काले" होतं, "बाणे"चं "बने" होतं. अर्ज पाठवण्याआधी हाताने दुरुस्त करा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा नमुना 8 भरत बसावं लागतं.

अर्ज दिल्यानंतर

संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. बीएलओ घरी येऊन खातरजमा करतात, अर्जदारांची यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी सात दिवस असतात, आणि मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात. आपल्याकडे हे अधिकारी बहुधा उपजिल्हाधिकारी दर्जाचे असतात. त्यांचा निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. नाव मंजूर झालं की कार्ड टपालाने येतं.

या सात दिवसांमुळेच शेवटच्या क्षणाची धावपळ फुकट जाते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल करता येत नाही, आणि त्याआधी हरकतींचा काळ निघून जायला हवा. 2024 ची विधानसभा आठवा. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, 29 ऑक्टोबर हा उमेदवारीचा शेवटचा दिवस, 20 नोव्हेंबरला मतदान. घोषणा ऐकून जागे झालेल्यांच्या हातात जेमतेम काही दिवस होते. नोव्हेंबर उजाडल्यावर अर्ज करणाऱ्यांची नावं त्या निवडणुकीत येणं शक्यच नव्हतं. तेव्हा हे काम निवडणूक नसलेल्या वर्षातच उरकायचं. गोव्याच्या चाळीस जागांची निवडणूक 2027 च्या सुरुवातीला अपेक्षित आहे. नमुने तिथेही हेच.

मतदानाआधीचे दिवस

बीएलओकडून मतदार चिठ्ठी येते. तिच्यावर केंद्र आणि अनुक्रमांक असतो, पण ती ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ओळखीसाठी मतदार कार्ड, किंवा ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, बँक वा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असं एखादं मूळ कागदपत्र न्या. रेशनकार्ड या यादीत नाही. कागदपत्र हातात हवं, कारण मोबाइल केंद्राच्या आत नेता येत नाही. शक्यतो घरीच ठेवा.

उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे, सगळं असतं. पंधरा मिनिटं काढून आपल्या मतदारसंघातल्या मुख्य उमेदवारांची तरी वाचा. आणि आपल्याला हवं ते नाव आणि चिन्ह नीट डोक्यात बसवा. नावात साम्य असलेले उमेदवार उभे राहणं आपल्याकडे नवं नाही. 2024 च्या लोकसभेला "तुतारी वाजवणारा माणूस" आणि "ट्रम्पेट" या दोन चिन्हांवरून मतदार गोंधळल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो, तो बघून बटण दाबायची सवय घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लावा.

ज्यांचं वय 85 च्या पुढे आहे किंवा ज्यांना 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व आहे, त्यांना घरून टपाली मत देता येतं. त्यासाठी नमुना 12-ड लागतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत फार छोटी आहे, म्हणून बीएलओचा फोन आधीपासून घेऊन ठेवा. सैन्यातल्या जवानांसाठी टपाली मताची वेगळी सोय असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मजुरांसाठी मात्र तशी सोय नाही, त्यांना मतासाठी गावी यावंच लागतं. माझ्या मते ही आपल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे. नोव्हेंबरात मतदान म्हणजे ऐन हंगाम. परदेशातल्या मराठी मंडळींनाही 6-अ भरून नाव घालता येतं, पण मतदानाला प्रत्यक्ष यावं लागतं, तेही भारतीय पासपोर्ट घेऊन.

मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाही. ही सुट्टी मागायला संकोच करू नका.

केंद्रावर

महाराष्ट्रात मतदान साधारणपणे सकाळी 7 ते संध्याकाळी 6. गडचिरोलीसारख्या भागात सुरक्षेसाठी ते दुपारी 3 वाजता संपवलं जातं. आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव बघून मोठ्याने पुकारतो, म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींना हरकत घ्यायची असेल तर घेता येते. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र आपल्यासाठी खुलं करतो.

मग आडोशाला जाऊन हव्या त्या नावासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागतो. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आतल्या पेटीत पडते. लांब बीप ऐकू आल्याशिवाय तिथून हलू नका. कुणीच पसंत नसेल तर "नोटा" सगळ्यांत शेवटी आहे. एका यंत्रात सोळाच बटणं मावतात, म्हणून उमेदवार जास्त असतील तर पुढचं यंत्रही बघा.

दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला 18 वर्षांवरील सोबती आत नेता येतो. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं असं वाटलं तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी प्रतिज्ञापन घेऊन चाचणी मत घेतलं जातं, आणि तक्रार खोटी ठरली तर तो गुन्हा असतो.

"तुमच्या नावावर मत पडून गेलंय" असं कुणी सांगितलं तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निवडणूक कोर्टात गेली तर तीच मतपत्रिका पुढे येते, आणि आपल्या नावाने दुसऱ्याने मत दिलं याची नोंद राहते.

सहा वाजता रांगेत असाल तर मत मिळणारच. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि नंतर येणाऱ्याला रांगेत घेत नाहीत.

विधानसभेची हीच यादी पुढे महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेसाठी प्रभागांनुसार फोडली जाते. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेव्हा प्रारूप याद्या लागल्या की पुन्हा एकदा घरातल्या सगळ्यांची नावं बघा. नाव शेजारच्या प्रभागात गेलं असेल तर हरकत घ्यायला तेव्हा थोडेच दिवस असतात. आईचं नाव आता नव्या इमारतीच्या पत्त्यावर आहे. यादी आली की ती स्वतःच चष्मा लावून आधी आपला अनुक्रमांक शोधते.