संध्याकाळची पहिली दहा मिनिटे

मुलांशी जवळीक वाढवायची म्हटले की नोकरी करणारे आईवडील बहुधा रविवारची वाट पाहतात. माझ्या अनुभवाप्रमाणे ती रोज संध्याकाळी, घरात पाऊल टाकल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत वाढते.

फोनवरचे बोलणे जिन्यातच संपवावे. हातपाय धुऊन झाले की मूल जिथे खेळत असेल तिथे, त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या एका प्रयोगात, बाळाशी हसत-बोलत असलेल्या आईला काही वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले होते; बाळाने हसून, हात पुढे करून, आवाज काढून तिला आपल्याकडे वळवण्याची धडपड केली आणि ती निष्फळ ठरल्यावर ते तोंड फिरवून रडवेले झाले. मोबाइलमध्ये गुंतलेला आपला चेहरा मुलाला काहीसा असाच दिसत असावा, असे मला वाटते.

गृहपाठाची चौकशी आल्याआल्या करू नये. ‘आज शाळेत काय केलेस?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे नेमके काही विचारावे, किंवा काहीही न विचारता एखादे घरकाम सोबत करावे. मुलगी तिसरीत असताना एकदा आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. मोज्यांची जोडी लावता लावता ती म्हणाली, ‘आज मी एकटीनेच डबा खाल्ला.’ ‘मग दुसऱ्या मैत्रिणीजवळ बसायचे,’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते गिळून मी फक्त ‘एकटीनेच?’ एवढेच म्हटले आणि हातातला टॉवेल दुमडत राहिले. तिने लावलेली जोडी पुन्हा सोडवली, पुन्हा लावली, आणि मग खोडरबरावरून झालेले भांडण, त्यानंतरचा अबोला, सारे आपणहून सांगितले. मुलाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत उपाय सुचवू नये, हे मी त्या दिवशी शिकले, आणि अजूनही ते मला कठीणच जाते.

दमलेल्या माणसाचा तोल जातो, आवाज चढतो. अशा वेळी राग ओसरल्यावर, शक्यतो मूल झोपण्यापूर्वी, त्याच्याजवळ जाऊन ‘मी मघाशी ओरडले, ते माझे चुकले,’ असे स्पष्ट म्हणावे. त्या वाक्यापुढे ‘पण तूसुद्धा’ जोडले की ती माफी राहत नाही. आईवडील मुलांची माफी मागत नसतात, अशा घरांत आपल्यापैकी अनेकजण वाढलो, त्यामुळे जीभ अडखळते, तरीही म्हणावे. मूल लगेच बिलगले नाही, तर त्याला वेळ द्यावा.

दहावी-बारावीच्या वयातील मुले समोर बसवून बोलती होत नाहीत. त्यांना क्लासला सोडताना स्कूटरवर, नजरेला नजर भिडवावी लागत नसल्यामुळे, ती बरेच काही बोलून जातात. अशा वेळी मागे वळून पाहू नये, स्कूटर थोडी सावकाश चालवावी आणि क्लासचे दार आले तरी बोलणे संपेपर्यंत ‘उतर, उशीर होतोय,’ असे म्हणू नये.